गॅलरीत ओढलेल्या विडीचा धूर मुलीच्या दम्याला बाधतो का?

निळीओढणी

नमस्कार. दम्यावरचे इथले जुने धागे वाचून काढले, पण ते बहुतेक तान्ह्या बाळांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे आहेत. माझी लेक चौदा वर्षांची, नववीत आहे.

आम्ही सोलापुरात जुन्या भागात राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं लांबट गॅलरी. गॅलरीकडच्या खोलीत लेक आणि तिची आजी झोपतात. खिडकी गॅलरीतच उघडते.

लेक शाळेच्या खो-खो संघात आहे. संरक्षण चांगलं करते, यंदा जिल्ह्याला नेऊ असं सर म्हणतात. पण गेल्या हिवाळ्यापासून असं व्हायला लागलंय की पळताना काही नाही, बाद होऊन बाहेर येऊन बसली की खोकला सुरू. कोरडा, थांबतच नाही. छाती आवळल्यासारखं होतं म्हणते. पहाटे चारच्या सुमारालाही उठून बसते. पाठीला कान लावला तर आत बारीक शिट्टी ऐकू येते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दमा सांगितला आणि निळा पंप दिला, लागेल तेव्हा घ्या म्हणाले. घरात कुणी ओढतं का, हेही विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "घरात कुणी नाही ओढत हो." त्या खोटं बोलत नव्हत्या. मामंजी विडी ओढतात ती गॅलरीत. आमचे हे रात्री जेवणानंतर सिगारेट ओढतात तीही गॅलरीत. उंबऱ्याच्या आत काडी पेटवायची नाही हा आमच्या घरचा नियम आहे आणि मामंजींनी तो स्वतःच घातलेला आहे.

मामंजींबद्दल कुणी वाईटसाईट लिहू नका, ही विनंती. चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं. नातीला पहाटे मैदानावर तेच सोडतात, तिचे बूट तेच उन्हात वाळवतात. तुमच्यामुळं पोरगी आजारी पडली असं त्यांना कुणी म्हटलेलं मला सहन व्हायचं नाही. पण मे महिन्यात लेक माझ्या माहेरी करमाळ्याला राहिली. तिकडं घरात कुणी ओढत नाही. तिथं तिला पंप पिशवीतून काढावाही लागला नाही. परत आल्यावर आठवडाभरात पहाटेचं उठणं सुरू.

मला एवढं कळून घ्यायचंय की गॅलरीतला धूर खरंच बाधतो का, की मी उगीच त्यावर खापर फोडतेय? आणि बाधत असेल तर मामंजींशी बोलायचं कसं? नणंद म्हणते पंपाची सवय लागते, पोरीची जात, पुढं लग्नाला अडचण, खो-खो सोडून दे. लेक दोन दिवस जेवली नाही.

---

खांबावरचा

ताई, खो-खो सोडवू नका. हे आधी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

मी सांगलीचा. शाळेपासून दमा, तरी विद्यापीठापर्यंत खेळलो. मुलीचं जे होतंय ते मला नेमकं माहीत आहे. जोरात पळताना तोंडानं कोरडी हवा आत जाते, श्वासनळ्या सुकतात आणि थांबल्यावर काही मिनिटांत आवळतात. म्हणून पळताना ठीक आणि बसल्यावर खोकला. सरांना सांगा, तिला थेट डावात उतरवायचं नाही. आधी दहा-पंधरा मिनिटं हळू पळणं, मग लहान लहान धावा, मधे थोडा विसावा. डाव झाल्यावरही एकदम खाली बसायचं नाही, चालत राहायचं. सरावाआधी पंप घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. मला आधी घ्यायला सांगितला होता आणि त्यानं खेळ सुधारला.

पंप सरांच्या कपाटात कुलपात ठेवू देऊ नका. आमच्या एका स्पर्धेत चावी शिपायाकडं आणि शिपाई जेवायला गेलेला. त्या दिवशीची भीती अजून अंगात आहे. पंप तिच्याजवळच पाहिजे.

धुराबद्दल एवढंच सांगतो की पानटपरीशेजारच्या मैदानावर सराव असला की माझा दुसऱ्या डावातला दम नेहमी कमी पडायचा.

---

फिरस्ता

विडी वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण नुसत्या विडीवर बोट ठेवून बाकीचं राहून जाऊ नये म्हणून लिहितो. तुमच्या भागात यंत्रमागाची कपाशीची धूळ असेल. शेजारी विड्या वळत असतील तर तंबाखूची भुकटीही हवेत असते, सोलापुरात घराघरांत बायका हे काम करतात. करमाळ्याला हे काहीच नव्हतं.

आणि रात्री डासांची कॉइल लावता का? बंद खोलीत, पलंगाखाली? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना निघणारे अतिसूक्ष्म धूलिकण मोजले होते. ते ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरले. मी ते वाचलं त्याच दिवशी मच्छरदाणी आणली. पहाटे चारला उठणाऱ्या मुलीच्या खोलीत रात्रभर काय जळतं, हे आधी बघा.

---

निळीओढणी

कॉइल लावतो. आजीच्या पायाशी. हे मनातच आलं नव्हतं.

---

श्वासमार्ग

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळं कोणतं औषध किती घ्यायचं ते इथं सांगणार नाही. बाकी मोकळेपणानं लिहिते, कारण अशा घरातली मुलं मी रोज बघते आणि "घरात कुणी ओढत नाही" हे वाक्यही रोज ऐकते.

गॅलरीतला धूर बाधतो. धूर दोन वाटांनी येतो. एक ओढणाऱ्यानं आत घेऊन सोडलेला आणि दुसरा नुसत्या जळत्या टोकातून निघणारा. हा दुसरा धूर कमी तापमानाला, अर्धवट जळण्यातून निघतो आणि तेवढ्याच वजनाचा धूर घेतला तर त्यात विषारी द्रव्यं जास्त असतात. शेजारच्या माणसाच्या छातीत मुख्यतः तोच जातो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड, टार यांत विडी सिगारेटला मागं टाकते. पानाची म्हणून विडी सौम्य, असं समजणारे खूप भेटतात. तसं काही नाही. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सरकारक आहेत.

आता तुमचं घर डोळ्यांपुढं आणा. सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडकी बंद करून कुणी झोपत नाही. वारा आत येतो तो गॅलरीवरून, आणि खिडकीच्या आत मुलीची उशी. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यविषयक मुख्य डॉक्टरांनी, २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी मात्राच नाही, आणि वेगळी खोली, उघडी खिडकी, पंखा यांनी तो पुरता हटत नाही. भिंतीवर, पडद्यावर, गोधडीवर, ओढणाऱ्याच्या शर्टावर त्याचा थर बसतो तो वेगळाच.

दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते, मुलगी हसतखेळत असते तेव्हाही. धूर त्या सुजेला चिघळवतो. अस्तर फुगतं, चिकट कफ सुटतो, बाहेरचे स्नायू आवळतात आणि शिट्टी वाजते. 'आयझॅक' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना गेल्या बारा महिन्यांत छातीत शिट्टी वाजली का, असं विचारलं होतं. सहा-सात वर्षांच्या मुलांचे फॉर्म आईवडिलांनी भरले, पण या वयाच्या मुलांनी स्वतः भरले. आईवडील धूम्रपान करत असतील तर या मोठ्या मुलांमध्येही अशी लक्षणं जास्त दिसली. मला त्यातली मुलांनाच विचारायची पद्धत फार पटते. तुमच्याही मुलीला विचारा: धूर कधी येतो, कुठं बसलं की येतो, कोणत्या मैत्रिणीच्या घरी त्रास होतो. सासूबाईंपेक्षा तिचं उत्तर नेमकं असेल. मी या वयाच्या पेशंटला पाच मिनिटं एकटीच भेटते. कधी कधी तेव्हाच कळतं की ती स्वतःही कुणाच्या आग्रहानं ओढून बघतेय. तुमची मुलगी तसं करते असं मी मुळीच म्हणत नाही, पण विचारताना रागावू नका. दमा असलेल्या माणसानं स्वतः ओढलं तर सूज कमी करणाऱ्या पंपाचा गुणही कमी येतो.

फिरस्ता यांचं कॉइलबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. कॉइल आजच बंद करा. धुळीचंही खरं आहे. माहेरी बरं वाटलं हा चांगला धागा आहे, पण तेवढ्यानं विडी एकटी दोषी ठरत नाही. मात्र कारखान्याची धूळ तुमच्या हातात नाही, गॅलरी आहे. धूर हटवल्यानं मुलांना किती फरक पडतो याचं स्कॉटलंडचं उदाहरण मी पालकांना सांगते. तिथं मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागी ओढायला बंदी आली. त्याआधी पंधरा वर्षांखालच्या मुलांना दम्यासाठी रुग्णालयात भरती करायचं प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होतं. बंदीनंतर ते वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी घटायला लागलं.

आता पंप. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सूज उतरवत नाही. तो आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल किंवा मुलगी रात्री उठत असेल, तर दमा ताब्यात नाही. 'जीना' या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून सांगितलंय की बारा वर्षांपुढच्या कुणालाही नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, सूज उतरवणारं औषधही हवं. डॉक्टरांना हे जरूर विचारा, आणि फुंकायची तपासणी करून घ्या, स्पायरोमेट्री. एकदा फुंकायचं, पंप घ्यायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. सवय लागण्याची भीती सोडा. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. गोळी मिलिग्रॅममध्ये असते आणि सगळ्या अंगात फिरते. लग्नाचं म्हणाल तर दमा ताब्यात असलेली माझी पेशंट पोलीस भरतीचं मैदान मारून आली आहे. नणंदबाईंना सांगा.

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, गळ्याची आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

मामंजींशी बोलायचं कसं? तुम्ही बोलूच नका. त्यांना तपासणीला सोबत घेऊन जा.

---

माणदेशी

डॉक्टरांच्या शेवटच्या ओळीला माझा दुजोरा. आमच्याकडं विडी नाही, मिश्री. आजी तव्यावर तंबाखू भाजायला बसली की सगळं घर खोकत अंगणात यायचं आणि धाकटा दीर, तो तेव्हा आठवीत, रात्रभर छाती धरून बसायचा. भाजताना उठतो तो तंबाखूचाच धूर, पण मिश्रीला धूम्रपान कुणी म्हणतच नाही, त्यामुळं डॉक्टरांना कुणी सांगितलंही नव्हतं. तुमच्या घरी कुणी मिश्री भाजत असेल तर तेही सांगा.

सून बोलली असती तर आजीला तो अपमान वाटला असता. मुलगा बोलला असता तर भांडण. डॉक्टर बोलले तेव्हा आजीनं एकच विचारलं, "माझ्या भाजण्यानं व्हतंय व्हय?" आणि तवा गोठ्यामागं गेला. सोडली नाही तिनं मिश्री, त्या वयात सुटलीही नसती कदाचित. पण भाजणं घरापासून लांब गेलं.

तुमचे मामंजी नातीचे बूट वाळवतात म्हणालात. अशा माणसाला दोष देऊ नका, काम द्या. पंप किती वेळा लागला ते वहीत लिहून ठेवायचं काम त्यांच्याकडं सोपवा.

---

तासमास्तर

माध्यमिक शाळेत शिकवतो, आमच्या शाळेचं तंबाखूमुक्तीचं काम माझ्याकडं आहे. वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नातवंडांना कोपऱ्यावरून विडीचं बंडल आणायला पाठवतात, हे तुमच्याकडं होत असेल तर आधी बंद करा. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. मुलांच्या हाती तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्याकडं हे लाडानं चालतं आणि मूल बंडल हाताळायला तिथंच शिकतं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या विद्यार्थ्यांत तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात वापरणारे ८.५ टक्के निघाले. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. मी तो आकडा वाचून हजेरीपट बराच वेळ बघत बसलो.

तुमच्या मिस्टरांसाठी: सिगारेटच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. फोन फुकट आहे, सोडायला मदत करतात. पाकीट रोज हातात धरणाऱ्यांनीही तो नीट वाचलेला नसतो.

---

निळीओढणी

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितेय, कारण तपासणी होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. मामंजींना "तुम्ही चला, मला रिपोर्ट कळत नाहीत" एवढंच म्हटलं. त्यांच्यासमोर लेकीनं मशीनमध्ये फुंकलं. पहिल्या वेळी रेघ अर्ध्यातच वाकली. पंप घेऊन पंधरा मिनिटांनी फुंकली तेव्हा रेघ वर गेली. डॉक्टरांनी दोन्ही रेघा त्यांच्यापुढं ठेवल्या आणि मधली जागा बोटानं दाखवली. ओरडले नाहीत, दोष दिला नाही. मामंजींनी विचारलं, गॅलरी रोज पाण्यानं धुतली तर चालेल का. डॉक्टर नाही म्हणाले. मग घरी येईपर्यंत ते रिक्षात काही बोलले नाहीत.

आता ते विडी ओढायला खाली पारावर जातात, घरापासून बरंच लांब. जिना उतरणं-चढणं गुडघ्याला जड जातं, त्यामुळं विड्या आपोआप कमी झाल्यात. वर आले की सदरा बदलतात. पंपाची वही त्यांच्याकडंच आहे. माणदेशीताई, ते काम त्यांनी इतकं मनावर घेतलंय की लेकीला न विचारता ते पंपावरचा आकडा तपासतात, ती चिडते.

यांचं मात्र अवघड आहे. नंबरावर फोन केला, दोन-चार दिवस बरे गेले, मग कामावर पुन्हा सुरू झालं. गॅलरीत ओढत नाहीत एवढं खरं. परवा बाथरूममध्ये वास आला. तेव्हा मी बोलले, आणि जोरात बोलले.

कॉइल गेली, मच्छरदाणी आली. डॉक्टरांनी सूज उतरवणारा पंप सुरू केलाय. पहाटेचं उठणं कमी झालंय, गेलेलं नाही. सरावाला जाते. जिल्ह्याची स्पर्धा दिवाळीच्या तोंडावर आहे आणि मुक्काम बाहेरगावी. दोन गोष्टी विचारते: फटाक्यांच्या धुराचं काय करू? आणि आता बरं वाटतंय तर नवीन पंप स्पर्धेपुरता घेऊन मग थांबवला तर चालेल का? नणंद तसं म्हणतेय.

---

श्वासमार्ग

थांबवू नका. बरं वाटतंय ते त्या पंपामुळं आणि गॅलरीतल्या हवेमुळं. मात्रा कमी करायची तर साधारण तीन महिने दमा नीट ताब्यात राहिल्यावर, पुन्हा फुंकून बघून, तीही डॉक्टरांनीच.

स्पर्धेला जाताना दोन्ही पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) तिच्या स्वतःच्या पिशवीत द्या, बसच्या टपावरच्या बॅगेत नको. प्रवासाआधी निळ्या पंपात औषध किती उरलंय ते बघा, आकडा नसलेला पंप असेल तर नवीनच घ्या. सूज उतरवणारा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. मुक्कामी मुली हे विसरतात. त्रास झाला तर आधी काय करायचं, किती वेळ थांबायचं, कुठल्या क्षणी दवाखान्यात जायचं, हे डॉक्टरांकडून एका कागदावर मराठीत लिहून घ्या. एक प्रत सरांना, एक तिला.

दिवाळीत संध्याकाळी खिडक्या बंद, ती आत, आणि रोजचा पंप एकही दिवस चुकवायचा नाही. सकाळी हवेत धूर साचलेला दिसला तर त्या दिवशी मैदानावरचा सराव नको, शाळेचा हॉल मिळतो का ते सरांना विचारा.

बाथरूमचा झरोका बहुधा जिन्यात किंवा गॅलरीतच उघडत असेल. मिस्टरांना पुढच्या तपासणीला घेऊन जा. सोडताना पहिल्या काही दिवसांत पुन्हा हात जाणं नेहमीचं आहे, त्यावर औषधंही आहेत. आणि वही मामंजींकडंच राहू द्या, फक्त आकडा लेकीनं वाचून दाखवायचा आणि त्यांनी लिहायचा.